एफ बसली की

उजवा हात वरच्या कडीला, सॅक छातीवर आणि सॅकच्या पट्ट्यावर डाव्या हाताची तर्जनी आडवी, पांढरी पडेपर्यंत दाबलेली. बदलापूर लोकलमध्ये असा माणूस दिसला की तो एफसाहेब. नवखा प्रवासी त्या बोटाकडे काळजीनं बघतो आणि विचारतो, "लागलंय का हो?" इथंच तो फसतो. कारण मग अंबरनाथपासून कल्याणपर्यंत त्याला गिटारचं शास्त्र ऐकावं लागतं आणि त्या गर्दीत मधे उतरून जायची सोय नसते.

गिटार आली २०२० च्या टाळेबंदीत. त्या वर्षी कुणी घरी पाव भाजले, कुणी गच्चीत पालक लावला, साहेबांनी ऑनलाइन गिटार मागवली. सी, जी, डी, ई मायनर या कॉर्ड पंधरवड्यात हाताखाली आल्या. सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ पडला, अंगठे आले, एका आजींनी चुकून 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली. सगळं सुरळीत चाललं होतं आणि मग एफ आली.

सोप्या कॉर्डमध्ये दोन-तीन बोटं आपापल्या तारेवर उभी राहतात, बाकीच्या तारा मोकळ्या वाजतात. एफमध्ये मोकळी तारच नाही. तर्जनी पहिल्या घरात सहाही तारांवर आडवी झोपवायची आणि उरलेल्या तिघांनी पुढच्या दोन घरांत उभं राहायचं. हीच ती बार कॉर्ड. तारा जिथून निघतात त्या खाचांच्या पट्टीला नट म्हणतात. नटच्या अगदी लगत तार सगळ्यांत ताठ लागते, म्हणून हाच आकार पाचव्या घरात बऱ्यापैकी वाजतो आणि पहिल्या घरात रडवतो. त्यात साहेबांच्या बोटाच्या पेराची घडी नेमकी दुसऱ्या तारेवर येते. पाच तारा गातात, दुसरी 'ठक' म्हणते.

त्या 'ठक'वर घरातलं बरंच काही अडलेलं आहे. एफ बसली की गोव्याला जायचं, किनाऱ्यावर वाजवायचं. एफ बसली की वहिनींच्या वाढदिवसाला त्यांचं आवडतं गाणं. एफ बसली की हॉलला रंग, कारण रेकॉर्डिंगला मागची भिंत चांगली दिसायला हवी. गुडघ्याचा एक्स-रेसुद्धा एफ बसली की काढायचा आहे. वहिनी एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अंबरनाथच्या शिवमंदिराच्या शिलालेखावर साल तरी आहे, १०६०. तुमच्या एफचं कुठलं कोरायचं?"

एफ का बसत नाही, हे मात्र साहेबांना नेमकं ठाऊक असतं आणि दर महिन्याला वेगळं ठाऊक असतं. आधी तारा जाड होत्या. मग हवा दमट होती. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तारा वर उचलल्या जातात, हे खरंच आहे. पण २०१९ च्या जुलैत ज्या गावाजवळ, वांगणीच्या बाजूला, अख्खी महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवासी सोडवावे लागले, तिथली हवा दमट आहे हे कळायला गिटार घ्यावी लागत नाही.

मग नट उंच निघाला. तो घासून घ्यायला साहेब गेले उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात. लष्कराच्या ओसाड छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये तिला उल्हासनगर नाव मिळालं आणि तेव्हापासून 'हे होणार नाही' असं त्या गावानं गिऱ्हाइकाला कधी सांगितलेलं नाही. कारागिरानं गिटार उलटसुलट करून पाहिली. "साहब, इसमें लकड़ी कम, तार ज़्यादा है," एवढीच तक्रार केली आणि कानस चालवली. जरा जास्तच चालवली. एफ खरोखर हलकी झाली, पण आता मोकळ्या तारा पहिल्या पट्टीला घासून झणझणू लागल्या. म्हणजे जी येत नव्हती ती थोडी सुधारली आणि ज्या येत होत्या त्या सगळ्या बिघडल्या. नवा नट बसवावा लागला. तो उंच आहे.

डब्यात कुणी फार पिडलं तर साहेब गिटारवादक टोनी आयोमीला बाहेर काढतात. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात १९६५ मध्ये त्याच्या दोन बोटांची टोकं गेली; त्यानं प्लास्टिक वितळवून टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढं ब्लॅक सॅबथ या बँडमध्ये जगभर गाजला. ही गोष्ट एकदा अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका प्रेस ऑपरेटरसमोर सांगून झाली. तो शांतपणे म्हणाला, "आमच्याकडे बोट गेलं की गिटार नाही, फॉर्म मिळतो." त्यानंतर आठवडाभर साहेब पुढच्या डब्यातून गेले.

क्लास अंबरनाथ पूर्वेला. शिकवणारा पोरगा त्यांच्या मुलीच्या वयाचा. तो दर शनिवारी एकच सांगतो, "काका, दाबू नका. बोट थोडं कडेवर कलंडवा, हाडाची बाजू लागू द्या. कोपर अंगाशी. हाताचं वजन पुरतं." साहेब मान डोलावतात आणि आणखी दाबतात. त्याला इलाज नाही. उल्हासनगर-विठ्ठलवाडीचे लोक जिथं सीटसाठी सकाळी उलटे बदलापूरला येतात, तिथं स्वतः बदलापूरकराला दारातून आत शिरायलाच खांदा लावावा लागतो. चौथी सीट रेटून, दादरला उतरणं रेटून, बिल्डरकडून ताबा रेटून. वीस-पंचवीस वर्षं ज्या देहाला एवढी एकच युक्ती साधली, त्याला कुणी सांगावं की जोर काढून घे?

या सगळ्यावर मीठ चोळायला सोसायटीचे पेटीवाले अण्णा आहेत. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त, गणपतीच्या भजनाचे आधारस्तंभ. एफ म्हणजे नक्की काय, असं त्यांनी एकदा विचारलं. साहेबांनी खुलासा केला. "म्हणजे पांढरी चार!" असं म्हणून अण्णांनी एका बोटानं पट्टी दाबली. सूर निघाला. "बसली की." एक सूर आणि तीन सुरांची कॉर्ड यांतला फरक साहेब पुढचा तासभर समजावत होते. अण्णा मधूनमधून तीच पट्टी दाबत होते.

आता एवढं सगळं सांगून झाल्यावर कबूल करायला जड जातं, पण हा माणूस डब्यात नसला की चुकल्यासारखं वाटतं. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, गाडी वेळेवर असली तरी दीड तास, तेवढंच परत. या अंतरात लोक शेअर बघतात, झोपतात, एकमेकांच्या आया-बहिणी काढतात. कुणाच्या उपयोगाची नाही, जिच्यातून बढती नाही, जिचा हप्ता नाही अशी एक गोष्ट रोज पट्ट्यावर घोटणारा सगळ्या डब्यात हा एकटाच. बाकीच्यांच्याही काही एफ होत्या. त्यांनी त्या केव्हाच माळ्यावर टाकल्या.

आणि एफ बसली. मेगाब्लॉकचा रविवार होता, घरी कुणी नव्हतं. कल्याणपर्यंत गाडी नाही म्हणून साहेब अर्ध्या वाटेतून वैतागून परतले होते. अंगात दाबायचं त्राणच नव्हतं, बोट नुसतं टेकलं आणि सहाही तारा बोलल्या. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गोव्याची तिकिटं काढावी लागली असती, हॉलला रंग द्यावा लागला असता. एक्स-रे तर होताच. डब्यात तर्जनी पूर्वीसारखीच ताठ असायची, 'नट उंच आहे' हेही चालूच होतं.

फुटलं ते गणपतीत. बाहेर धो धो पाऊस, भजन पांढरी चारवर. साहेब मागच्या सतरंजीवर बसून हळूच साथ करत होते. मधेच बुवांचा गळा चढेना. अण्णांनी खूण केली, काळी एक. साहेबांचा हात तसाच, तोच आकार घेऊन सरकत नवव्या घरात गेला आणि साथ चुकली नाही. अण्णांनी पेटी थांबवली.

"अहो, बसलीय की! कधीपासून?"

सगळं मंडळ वळून बघायला लागलं. वहिनी प्रसादाचं ताट घेऊन दारातच थांबल्या. साहेबांनी खिडकीबाहेर, पागोळ्यांकडे पाहिलं.

"आज जरा हवा कोरडी आहे ना," ते म्हणाले.