बगारामाचा धाकटा भाऊ

1608 साली जांबला ठोसरांच्या घरी जन्मलेला नारायण, म्हणजे पुढचे समर्थ रामदास, पोरवयातच अडगळीत बसून विश्वाची चिंता करायचा, असं सांगतात. गावाच्या वाट्याची चिंता तेव्हाच करून संपली असावी. कारण ऑनलाईन कामांच्या दुकानात खुर्ची फिरवत बसलेल्या आमच्या पोराकडे तिचा मागमूस नाही. (तो एकट्या जांब समर्थचा नव्हे, घनसावंगीकडे निघालात तर दर फाट्यावर एक भेटेल.)

दुकान मालकाचं, हा पगारी नोकर. ऐट मात्र तहसीलदाराची. दहाचं शटर साडेअकराला अर्धं वर जातं. एका हाताने क्रिकेटचा स्कोअर, दुसऱ्या हाताने तुमचा पीकविमा. मग कापसाचा ऊस होतो, आडनावाचा काना उडतो. जन्मभर कापूस वेचून बोटांच्या रेषा झिजलेल्या म्हातारीचा ठसा मशीन घेत नाही, तर हा म्हणतो, "का गं आजे, अंगठा घरीच ठिवून आलीस का?" आजीही हसते. राग येतो तो चपला घालताना, आणि तोवर शटर पडलेलं असतं.

मराठी बोलपटाने हा कारकुनी वाण लवकर हेरला. 1939 च्या 'ब्रँडीची बाटली'त दामुअण्णा मालवणकरांनी रंगवलेला म्युनिसिपालिटीतला बगाराम आठवा. लेखणी अत्र्यांची, दिग्दर्शन मास्टर विनायकांचं. ब्रँडी म्हणजे काय याचा पत्ता नसताना तो भाबडा बाटलीच्या शोधात वणवण हिंडला. आमच्या पोराने खुर्चीतूनच सांगितलं असतं, "सर्व्हर डाउन हाय, उद्या या."

कारकुनी कशी करावी हे समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात आरंभीच सांगून ठेवलंय. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखं. आमच्या पोराचंही पहिलं आणि शेवटचं अक्षर बिनचूक असतं. मधली जातात.

तरी त्याला कुणी काढत नाही, त्याला कारण आहे. एक रुपयाच्या पीकविम्याच्या दिवसांत, शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री, हाच पठ्ठ्या डास मारत पहाटेपर्यंत लोकांचे अर्ज भरत बसला होता. वर एक चहासुद्धा मागितला नाही. त्यातले निम्मे पुढे दुरुस्तीला परत आले, ही गोष्ट वेगळी.

यंदा त्याचंच लग्न निघालं. पत्रिका अर्थातच त्याने टाइप केली. गावाच्या नावातलं 'समर्थ' तेवढं राहून गेलं. मराठवाड्यात जांब काही एकच नाही. नवरीच्या मामाची जीप परभणीकडच्या जांबला जाऊन थांबली. 'सावधान' ऐकताच समर्थांनी मांडवातून धूम ठोकली होती, हा मात्र बोहल्यावर निवांत उभा, मुंडावळ्या बाजूला सारून फोनवर सांगतोय, "मामा, लोकेशन कव्हाच टाकलंय की. तुमचंच नेट स्लो दिसतंय."