अजून दहा वर्षं बघायला नको

सोसायटीत कुणी नवी गाडी आणली की पेढे घरोघर जातात. झेनवाल्या काकांच्या दारात मात्र पेढ्यांचा डबा घेऊन उभं राहायला छाती लागते. काका पेढा उचलतात, तोंडात टाकतात आणि तो घोळवत विचारतात, "ऑन रोड कितीला पडली?" आकडा ऐकला की ते डोळे मिटून मान हलवतात आणि समोरच्याचा हात आपोआप डब्याला झाकण लावायला जातो. "शोरूमच्या गेटाबाहेर चाक पडलं की लाखभर गेलेच. कर्ज किती वर्षांचं? सात? अरेरे." मग चपला न घालताच जिन्यापर्यंत येतात आणि खाली पार्किंगकडे बोट दाखवतात. "ती बघा. 2009 साली दीड लाखात घेतली, रोख. अजून दहा वर्षं बघायला नको!"

ती म्हणजे 2003 सालची मारुती झेन. तिचा मूळ रंग चंदेरी. आता पुढचा बंपर चंदेरी आहे, मागचं डावं दार राखाडी, आणि बोनेटचा रंग या दोन्हींच्या मधला. झेन 1993 साली बाजारात आली, 2006 साली जुन्या आकाराची झेन बंद झाली, आणि त्यानंतर तीन वर्षांनी काकांनी ती घेतली. बंद पडलेलं मॉडेल घेताना भीती नाही वाटली? "उलट निश्चिंत झालो," काका म्हणतात. "आता कंपनी हिच्यात काही सुधारणा करायला येणार नाही."

काका बँकेतून निवृत्त झालेले. पैशाला कमी नाही, कंजूषही नाहीत. गणपतीच्या वर्गणीला पहिली पावती त्यांचीच असते. पण 2009 साली नवी गाडी न घेता त्यांनी दोन लाख वाचवले, आणि ते दोन लाख ते आजतागायत वाचवताहेत. त्याच दोन लाखांतून दोनदा क्लच प्लेट आली, रेडिएटर आला, टायरचे कितीतरी संच आले, एसीचा कॉम्प्रेसर आला, आणि तरी द्रौपदीच्या थाळीत काहीतरी उरलेलंच असतं तसे ते दोन लाख जागच्या जागी आहेत. कुणी हिशेब काढायला बसलंच तर काका बँकेकडून मिळालेली डायरी पुढे करतात. तिच्यात पेट्रोलची प्रत्येक खेप लिहिलेली आहे. टाकी नळी कट होईपर्यंत भरायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, पुढच्या वेळी पुन्हा तशीच भरून भागाकार करायचा. ॲव्हरेज दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत. दुरुस्तीची डायरी मात्र कुणी पाहिलेली नाही. ती काकूंच्या डोक्यात आहे. "रेडिएटर फुटला त्या वर्षी धाकट्या नातीचं बारसं होतं," असा त्यांच्या घराचा इतिहास चालतो. फ्रिज कधी घेतला हे काकूंना सांगता येत नाही. तो कधी घ्यायचा होता आणि त्या ऐवजी गाडीत काय बसलं, हे मात्र चोख सांगता येतं.

हा माणूस एकाच सोसायटीत असतो असं नाही. जिथे पार्किंग आहे तिथे तो आहे. 1998 साली सँट्रो आणि इंडिका एकाच वर्षात आल्या आणि मराठी मध्यमवर्गाची फाळणी झाली. जुनी इंडिका बाळगणारा "आपल्या पुण्यात बनलेली" एवढ्यावर कुठलाही वाद जिंकतो. वॅगन आरवाला डोक्यावरच्या जागेचं कौतुक सांगतो. लग्नात फेटा न काढता बसता येतं हे त्याचं शेवटचं अस्त्र, आणि ते खोटंही नाही. झेनवाल्याला ही सोय नाही. झेन इतकी बुटकी, की तिच्यातून बाहेर पडताना पन्नाशीपुढचा प्रत्येक पाहुणा "आई गं" म्हणतोच. काकांच्या मते त्यात गाडीचा दोष नाही. "चालत जा रोज."

या जातीच्या माणसाचं खरं वैभव म्हणजे त्याचं ज्ञान. गाडी घेताना एजंट म्हणाला होता, "डॉक्टरांची गाडी आहे, घर ते दवाखाना, बास." (पुण्यात विकल्या गेलेल्या अशा सगळ्या गाड्या खरोखर डॉक्टरांच्या असत्या, तर शहरात पेशंट व्हायला माणूस उरला नसता.) मीटरवर अडतीस हजार होते. काकांनी खाली वाकून ब्रेकच्या पेडलचं रबर पाहिलं. ते घासून गुळगुळीत झालेलं. अडतीस हजारांत रबर असं झिजत नाही, ते लाखाच्या पुढे झिजतं. काकांनी ही गोष्ट एजंटला सांगून तिथल्या तिथे दहा हजार कमी करून घेतले. त्या दिवसापासून त्यांच्यातला परीक्षक जागा झाला तो आजवर झोपलेला नाही.

आता ओळखीपाळखीत कुणी वापरलेली गाडी बघायला निघालं की काकांना बरोबर नेतात. काका आधी बोनेटवर तळहात ठेवतात. गरम लागलं तर समजायचं, गिऱ्हाईक यायच्या आधी मालकानं ती चालू करून ठेवलीय, म्हणजे सकाळी थंडीत ती कुरकुरते. मग काचांच्या कोपऱ्यातले बारीक आकडे वाचतात. पाच काचा एका सालातल्या आणि एकच वेगळी असेल तर ती का फुटली, हा पहिला प्रश्न. दाराच्या बिजागरीचे बोल्ट नखानं खरवडून बघतात. त्यांच्यावरचा रंग उडालेला असेल तर पाना लागलाय, दार कधीतरी उतरवलंय. टायरवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. डिकीतली स्टेपनी काढून तिच्याखालच्या पत्र्यावर गंज आहे का ते बघतात. शेवटी कुणाला तरी ॲक्सिलरेटर दाबायला लावून स्वतः सायलेन्सरमागे उकिडवे बसतात. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर हेड गॅस्केट. एवढं सगळं झाल्यावर उठतात, गुडघे झाडतात आणि नापास करतात. आजवर त्यांच्या हातून एकही गाडी पास झाल्याचं ऐकिवात नाही. पास केली आणि ती खरंच चांगली निघाली, तर सोसायटीत चांगली घेतलेली दुसरी जुनी गाडी येईल, हा धोका कोण पत्करणार?

परीक्षकाची स्वतःची गाडी मात्र प्रत्येक प्रवाशाला वेगळी परीक्षा द्यायला लावते. एकदा स्वारगेटपर्यंत त्यांनी मला सोडलं. मी दार लावलं. "जोरात." मी जोरात लावलं. "एवढं जोरात नाही हो, ते तुमच्या बाजूचं आहे. जोरात मागचं." मागचं डावं दार आतून उघडत नाही. त्यासाठी काच खाली घेऊन हात बाहेर काढून हँडल ओढायचं. काच वर घेताना दुसऱ्या हाताचा तळवा तिला खालून टेकू म्हणून लावायचा, नाहीतर ती तिरकी होऊन अडकते. हॉर्न वाजतो, पण स्टिअरिंग जरा डावीकडे असताना. म्हणून काका उजवीकडे वळताना हॉर्न देत नाहीत, खिडकीतून बोलतात. सेल्फ पहिल्या वेळी लागत नाही. चावी फिरवायची, पेट्रोल पंपाचा आवाज थांबेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा फिरवायची. काकांना यातलं काहीच जाणवत नाही. हात आपोआप चालतात. मुलाला ही गाडी चालवता येत नाही, आणि चोराला तर मुळीच येणार नाही.

गावाकडे साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट आला की गाडीत शांतता पसरते. येताना बोगदा आहे, पण जाताना चढ चुकत नाही. घाटाच्या पायथ्याला काका न बोलता एसी बंद करतात, काचा खाली घ्यायला लावतात आणि गप्पा थांबवतात. काकू पर्स मांडीवर घेतात. सगळ्यांची नजर तापमानाच्या काट्यावर. काटा अर्ध्याच्या वर सरकला की काका मे महिन्यातसुद्धा हीटर चालू करतात, कारण हीटर इंजिनाची उष्णता ओढून आत घेतो. आत बसलेल्यांना ती उष्णता नको असते हा भाग वेगळा. वर पोचलं की काका काट्याकडे बघत म्हणतात, "नव्या गाड्या बंद पडलेल्या पाहिल्यात ना खाली? बोनेट उघडून उभे होते." खाली एकच गाडी उभी होती आणि तिच्यातली माणसं फोटो काढत होती. पण हे सांगून कुणाचं भलं झालंय!

सरकारवर काकांचा राग आहे, पण तो राजकीय नाही. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. काकांनी 2018 साली ते केलं तेव्हा फी सहाशे रुपये होती. 2023 साली पुन्हा गेले, तर पाच हजार. "माझं वय वाढलं तेव्हा एसटीनं तिकीट अर्धं केलं," ते म्हणाले, "आणि हिचं वय वाढलं तर आठपट? ज्येष्ठ नागरिक नाही का ही?" वर पर्यावरण कर वेगळा. पुढे 2019 च्या आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली. काका पहिल्या आठवड्यात जाऊन बसवून आले. गाडीत आता तेवढी एकच गोष्ट नवीकोरी आहे, आणि ते दर रविवारी ती ओल्या फडक्यानं पुसतात. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल यायला लागल्यावर मात्र ते हादरले. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही असं ऐकून त्यांनी सगळ्या नळ्या बदलून घेतल्या. आता पंपावर टाकी भरली की कान देऊन ऐकतात आणि म्हणतात, "आजच्यात जरा जास्तच आहे."

या संसारातला तिसरा माणूस म्हणजे मिस्त्री. त्यांची शेड वडाच्या झाडाखाली आहे. कंपनीच्या वर्कशॉपकडे काका फिरकत नाहीत. तिथे गाडी आत नेतात, आपल्याला काचेच्या खोलीत बसवतात आणि कॉफी देतात. काकांना कॉफी नको असते, त्यांना टॉर्च धरायचा असतो. मिस्त्रींच्या शेडमध्ये उलट्या ठेवलेल्या ऑइलच्या डब्यावर बसून ते अर्धा दिवस टॉर्च धरतात. भाग मिळाला नाही तर स्वतः नाना पेठेत जातात, तिथेही नसेल तर रविवारी जुन्या बाजारात. सापडला की फोन करतात, "मिस्त्री, ओरिजनल मिळाला!" तो भाग कुणाच्या झेनमधून निघालाय, ती झेन आता कुठे आहे, हे ते मनावर घेत नाहीत. गेल्या नवरात्रात मिस्त्रींनी स्वतः नवी गाडी घेतली. खंडेनवमीला पाने-हातोड्यांच्या पूजेशेजारीच ती उभी होती, झेंडूची माळ घालून. मिस्त्रींनी पेढा पुढे केला. काकांनी तोंडात टाकला आणि म्हणाले, "ऑन रोड कितीला पडली?"

मागच्या महिन्यात मुलानं शेवटी वडिलांना न विचारता नवी गाडी बुक केली. एक्स्चेंजमध्ये झेन द्यायची असं परस्पर ठरवून, किंमत करायला एक मुलगा घरी पाठवायची व्यवस्थाही करून टाकली. मुलगा आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, आणि रंगाची जाडी मोजायचं एक छोटं यंत्र. त्यानं ते बोनेटला लावलं, आकडा बघितला, पुन्हा लावलं. काका मागे हात बांधून बघत होते. पंधरा मिनिटांनी मुलगा म्हणाला, "काका, बावीस हजार होतील."

"बॅटरी दिवाळीतली आहे, साडेचार हजारांची," काका शांतपणे म्हणाले. "चार टायर बारा हजारांचे, तारीख वाचा. म्हणजे उरलेली गाडी तुम्ही साडेपाच हजाराला मागताय?"

"मी नाही काका, सिस्टीमनं काढलाय आकडा."

"मग सिस्टीमला म्हणावं एकदा चालवून बघ."

मुलानं टॅब बंद केला, नमस्कार केला आणि आपल्या गाडीत जाऊन बसला. त्याचीही जुनीच होती, छोटी, लाल. चालू केली, रिव्हर्स घेतली, आणि काकांचा हात वर गेला. "थांब! थांब, बंद कर." ते खिडकीपाशी गेले. अहो-जाहो केव्हाच गळून पडलं होतं. "कट-कट आवाज येतोय तो वळतानाच येतो का? आणि खाली हे काय सांडलंय? कितीला घेतलीस?"

"दोन चाळीस."

"डॉक्टरांची होती म्हणाले असतील."

"नाही काका. मॅडम चालवायच्या म्हणाले, फक्त मुलांना शाळेत सोडायला."

काकांनी बोनेटवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला. मुलगा खाली उतरला. बोनेट उघडलं. काकांनी खिशातून टॉर्च काढला आणि मुलाच्या हातात दिला, धरायला. वरून गॅलरीतून काकूंनी हाक मारली, "अहो, ठरलं का काही?"

"ठरलं," काका बोनेटमधून डोकं बाहेर न काढता ओरडले, "कूलंटचा पाइप बदलावा लागणार!"