आता बसलं!

स्टेजवरच्या कुठल्याही वादकाला विचारा, आवाज त्याचाच कमी असतो. गायिकेला स्वतःचा गळा ऐकू येत नाही, कीबोर्डवाल्याला कीबोर्ड. आणि गिटारवाल्याला गिटारीखेरीज दुसरं काही ऐकू आलं, तर तो अन्याय असतो. मी बास वाजवतो. बास बंद पडेपर्यंत तो चालू होता हेच कुणाच्या लक्षात येत नाही, तेव्हा या भांडणात मला तटस्थ साक्षीदार मानायला हरकत नाही.

गिटारवाल्याच्या या दुखण्यावर बाजारात औषध आहे: बूस्ट पेडल. छोटा धातूचा डबा, एक बटण, एक दिवा. साठच्या दशकात इंग्लंडात रेंजमास्टर म्हणून असाच डबा निघाला होता, आत एकच जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर. तो पायाखाली नव्हे, अ‍ॅम्पच्या डोक्यावर ठेवायचा. गिटारवादक रोरी गॅलाघरने त्याच्यावर नाव कमावलं. आमच्या गिटारवाल्याने घेतलेल्या डब्यावर मात्र हप्ते चालू आहेत.

डबा कुठे जोडायचा, यात खरी मेख आहे. ओव्हरड्राइव्हच्या, म्हणजे आवाज फाडणाऱ्या डब्याच्या, आधी लावला की आवाज फारसा वाढत नाही, नुसता जास्त फाटतो. कारण पुढचा डबा आधीच तुडुंब भरलेला असतो. आमच्या गड्याने तो तिथेच लावला. सोलो आला की डोळे मिटून बटण दाबायचा, चेहऱ्यावर समाधी, आणि समोर पोचायचा पूर्वीइतकाच आवाज, फक्त जरा चिडलेला.

मग कुणीतरी डबा ओव्हरड्राइव्हच्या नंतर लावायला सांगितलं. सोलो उठून दिसायला चार-पाच डेसिबल पुरतात. दहा वाढवले की कानाला साधारण दुप्पट वाटतं. याने डब्यावरची खुंटी शेवटपर्यंत फिरवली. का, तर ती फिरत होती म्हणून. त्यात गिटार अ‍ॅम्पचा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. अ‍ॅम्प जमिनीवर, त्यामुळे याच्या वाट्याला पोटऱ्यांपुरता आवाज आणि पहिल्या रांगेतल्या आजोबांच्या वाट्याला उरलेला सगळा. आजोबांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. तरी ऐकू येत होतं.

घरी जमवलेला सूर स्टेजवर हरवतो, तोही याच जातीचा घोळ. हळू आवाजात कानाला खर्ज कमी जाणवतो (फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे 1933 मध्येच मांडून ठेवलंय), म्हणून हा खोलीत बसून खर्ज वाढवतो, वरची धार वाढवतो आणि मधला भाग कापून टाकतो. स्टेजवर खर्जात मी असतो, वर झांजा असतात. गिटारीसाठी जागा उरते ती मध्येच, आणि तीच याने घरी कापून ठेवलेली. ट्यूब स्क्रीमर नावाच्या हिरव्या ओव्हरड्राइव्ह डब्याचं एवढं कौतुक होतं त्यामागे हेही एक कारण आहे. तो मधला भाग वर काढतो.

पण डब्याचा खरा शत्रू हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसलेला असतो. सोलो सुरू होतो, मिक्सरवर गिटारीचा काटा लाल होतो, आणि साऊंडवाला इमानेइतबारे फेडर खाली ओढतो. इकडे पाय, तिकडे बोट. बेरीज शून्य. सोलो संपल्यावर हा बटण बंद करतो. साऊंडवाल्याचा मात्र तोवर चहा आलेला असतो. तिसऱ्या कडव्यात गिटार बेपत्ता.

त्यावर कडव्याच्या मध्येच स्टेजवरून हातवारे होतात: वाढव, वाढव! आमचा साऊंडवाला जुना माणूस आहे. तो शांतपणे एक नॉब फिरवतो आणि मान हलवून विचारतो, आता? गिटारवाला क्षणभर ऐकतो आणि अंगठा दाखवतो: आता बसलं! त्या नॉबच्या चॅनेलला काहीच जोडलेलं नसतं. हे मला ठाऊक आहे, कारण मागच्या वर्षीपर्यंत तो नॉब माझ्यासाठी राखीव होता.

हल्ली कीबोर्डवाल्यानेही डबा घेतलाय. गळ्यासाठी असं काही मिळतं का, अशी गायिकेची चौकशी चालू आहे. ड्रमरला आम्ही यातलं काहीही कळू दिलेलं नाही.