शिकवलेल्यांनी अर्ज करू नये

वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले पोलीस अधिकारी विद्यापीठात प्राध्यापक होतात, यावर माझे काही म्हणणे नाही. पूर्वी साहेब निवृत्त झाले की आठवणींचे पुस्तक लिहीत आणि प्रकाशनाला गेलेल्याला ते विकत घ्यावेच लागे. आता त्याच आठवणी वर्गात सांगतात. शिवाय पंच फितूर कसा होतो, पंचनामा कोर्टात कुठे उसवतो, हे साहेबांखेरीज कोण सांगणार? 1 जुलै 2024 पासून फौजदारी कायदेच बदलल्यामुळे खुनाचा अनुभव कलम 302चा आणि परीक्षा कलम 103ची अशी गत होते खरी, पण ते मुले निभावून नेतील.

माझे घोडे अडले आहे एका अटीपाशी. 2022 साली ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ नावाचे पद निघाले. आपापल्या क्षेत्रात निदान 15 वर्षे काढलेला, शक्यतो वरच्या जागेवरचा माणूस हवा. पदवीचा आग्रह नाही, शोधनिबंध नकोत. मुदत वाढवून वाढवून फार तर 4 वर्षे. इथवर ठीक. पुढची अट मात्र मी चष्मा पुसून वाचली: शिक्षकी पेशात असलेल्यांना किंवा त्यातून निवृत्त झालेल्यांना हे पद मिळणार नाही.

शिकवायच्या जागेला नेमका कोण चालत नाही? ज्याने शिकवले आहे तो.

मुलाखतीत विचारत असतील, “साहेब, आधी कधी शिकवलंय?” साहेब छातीठोक सांगत असतील, “जबाब पुष्कळ घेतले, तास एकही घेतला नाही.” नेमणूक पक्की. प्रशिक्षण केंद्रात नव्या शिपायांपुढे कधी चार व्याख्याने दिली असतील, तर तेवढी मात्र गुलदस्त्यात ठेवलेली बरी. उगाच डाग नको.

तत्त्व एवढे चांगले असेल तर ते पोलीस खात्यालाही लावा. ‘इन्स्पेक्टर ऑफ थिअरी’ असे पद काढा. अट एकच, उमेदवाराने आयुष्यात चोर पकडलेला नसावा. मग आमच्या मोहन्याच्या बाजारात एखाद्या काकूंचे मंगळसूत्र खेचले जाईल, काकू धापा टाकत चौकीत येतील आणि समोर 15 वर्षे गुन्हेगारीशास्त्र शिकवलेले सर बसलेले असतील. सर विचारतील, “काकू, तुमचं गृहीतक काय?” “गृहीतक कसलं मेल्या, मंगळसूत्र गेलं!” “बरं. या विषयावर आधी कुणाचं काम झालंय?” काकू विचार करून सांगतील, “झालंय की. माझ्या जाऊबाईंचं. गेल्या गणपतीत, याच बाजारात.” “मग तुमच्या चोरीत नवीन काय?” काकू रडकुंडीला येतील. सर त्यांना धीर देतील, संदर्भ नीट लावून सहा महिन्यांनी यायला सांगतील. तेवढ्यात लोक चोराला धरून आणतील, तर सर त्याला सोडून देतील, कारण एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. दुसऱ्या दिवशी सगळे मोहने रस्त्यावर येईल आणि “अनुभवी माणूस द्या” म्हणून घोषणा देईल. चोरीच्या बाबतीत आपल्याला अनुभव लागतो. पोरांच्या शिक्षणाच्या बाबतीत चालून जाते.

आणि त्या नियमात एक आश्वासनही आहे, की या नेमणुकांमुळे मंजूर जागांना धक्का लागणार नाही. कसा लागेल? वर्षानुवर्षे रिकाम्या पडलेल्या जागेला धक्का मारून पडणार कोण? त्या जागांचे काम करतात तासिका तत्त्वावरची पोरे. नेट झालेली, सेट झालेली, पीएचडीची बाइंडिंग केलेली जाडजूड प्रत घरच्या कपाटात ठेवलेली. सकाळी अंबिवलीहून मिळेल ती लोकल पकडायची, एका कॉलेजात दोन तास, दुसऱ्या कॉलेजात दोन तास. जितके तास तितके पैसे, तेही कॉलेजच्या मनात येईल तेव्हा. मे महिन्यात तास नाहीत, म्हणून पैसे नाहीत. मे महिन्यात पोट असते, पण ते कुठल्या रकान्यात भरायचे हे कोणी सांगत नाही. साहेबांना निवृत्तिवेतन आहे, वर मानधन आहे, दारावर पाटी आहे. या पोराला स्टाफरूममध्ये हक्काची खुर्ची नाही. पेपर तपासायचे याने, पर्यवेक्षण करायचे याने, मूल्यांकन समिती आली की फायली रात्रभर बसून रचायच्या याने, आणि समितीला हार घालायची वेळ आली की याला पडद्यामागे उभे करायचे. लाज वाटायला हवी, पण तिचीही जागा बहुधा रिक्तच असावी.

असाच एक तासिकावाला सुट्टीत शहाड-मोहने रिक्षा चालवतो. त्याला म्हटले, बाबा रे, वाहतूक हेही एक क्षेत्रच आहे, या वाटेने आत शीर. तो गणिताचा माणूस. वर्षाला दोन महिने रिक्षा धरली तर 15 वर्षांचा अनुभव व्हायला 90 वर्षे लागतात, असे त्याने तिथेच सांगितले. त्याची तेवढी थांबायची तयारी आहे. पण उरलेले दहा महिने काय करत होतात, असे कोणी विचारले की अर्ज बाद.