गुरुजींची एट हंड्रेड आणि मागचा दिवा

अहो, ऐकलंत का? गुरुजींच्या गाडीचा मागचा पांढरा दिवा लागला म्हणे एकदाचा! म्हणे कशाला, मी इथेच भिंतीशी कोथिंबीर निवडत उभी होते की.

तीच हो, एमएच-२९ची एट हंड्रेड. कंपनीनं २०१४च्या जानेवारीत ती काढणंच बंद केलं, पण गुरुजींना कोण सांगणार? आता पुन्हा पासिंग आलं. पंधरा वर्षं उलटली की दर पाच वर्षांनी ती कटकट असतेच. आणि रिव्हर्सला दिवा नाही! त्या रात्री अंधारात मागे घेताना कुणाची कुंडी फुटली, ते तुम्हाला ठाऊकच आहे... मी काही बोलत नाही.

तर काय सांगत होते... आर्णी रोडकडचा एक वायरिंगवाला आला. इकडे ठोक, तिकडे ओढ, अन् म्हणतो, "गुरुजी, जुनी गाडी हाये, पुरं वायरिंगच बदला लागते." कागदावर आकडाही लिहून दिला. गुरुजींचा चेहरा तर असा उतरला, जशी पेन्शनच अडकली. तेवढ्यात पुण्याचे जावई फोनवर, "बाबा, दिवा सोडा, कॅमेरा लावून घ्या." आता बघा, अंधारात त्या कॅमेऱ्याला उजेड कोण दाखवणार?

बरं, परवा भाची आली, ती पॉलिटेक्निकची. "मामा, बल्ब अन् फ्यूज पाह्यला का आधी?" दोन्ही ठीक. मग इंजिन बंदच ठेवून नुसती चावी फिरवली, रिव्हर्स टाकला. गुरुजींच्या घरच्या काकू गाडीमागे. "लागला का?" "नाही!" "आता?" "नाही हो!" अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.

अहो, त्या गिअरबॉक्सवर म्हणे एक छोटासा स्विच असतो, दोन वायरींचा. रिव्हर्स पडला की आतून त्याचं टोक दाबलं जातं, तेव्हाच करंट पुढे जातो. पोरीनं त्याचं सॉकेट काढलं, दोन्ही टोकांत वायरचा तुकडा अडकवला, अन् काकू किंचाळल्या, "लागला गं बाई!" म्हणजे वायरिंग धडधाकट, स्विचच मेलेला. नेमका तेव्हाच तो वायरिंगवाला अॅडव्हान्स मागायला फाटकात! दिव्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, "तं स्विचच असन मंग," म्हणाला अन् तो आकड्याचा कागद गपचूप घडी करून खिशात.

नवा स्विच आधी हातात घेतला, मगच जुना खोलला; नाहीतर त्या भोकातून ऑइल गळतं. ते धरायला ताट कुणाचं नेलं? माझं! नवा वायसर घातला, आटे आधी हातानंच बसवले. गुरुजी पाना घेऊन जोर लावायला धावले, तर भाची ओरडली, "मामा, ॲल्युमिनियम हाये, आटे जातील!" गुरुजी मुकाट मागे. चाळीस वर्षं पोरांना गप्प बसवणारा माणूस हो! वर गळालं तेवढं ऑइल भरून घेतलं.

आता रोज संध्याकाळी काम नसताना गाडी मागे-पुढे चालू असते.

ताट आलं परत, घासूनबिसून. कुंडीचं मात्र विचारलं, तर काकू कशा म्हणतात, "अहो, तेव्हा दिवा नव्हता ना!"