शेंबड्या वाचकासाठी ग्रंथनिवड

एक ते तीन वर्षे वयाच्या वाचकासाठी चित्रपुस्तक घेऊ इच्छिणाऱ्यांनी प्रथम हे ध्यानात घ्यावे की, हा वाचक ग्रंथाचा आस्वाद घेतो तो जिभेने. सबब पहिली कसोटी चवीची. जाड पुठ्ठ्याचे, गोल कोपऱ्यांचे, लाळेने न फुगणारे पुस्तक निवडावे. टोकदार कोपरा आधी हिरडीत घुसतो आणि पुस्तक फेकले गेल्यावर आजोबांच्या घोट्यात. पातळ पानांचे घ्यायचेच असेल, तर प्रथम बुक्सच्या पुस्तकांसारखे स्वस्तातले घ्यावे, म्हणजे फाटल्याचे दुःख आवाक्यात राहते.

खरेदीला पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात गेल्यास दुकानदार ‘कितवीत आहे?’ असे विचारील. ‘अजून लंगोटात आहे,’ हे सत्य तत्काळ सांगून टाकावे. जरा घुटमळलात, की तो सुलेखनाची वही, पाढे आणि मुळाक्षरांचा तक्ता काउंटरवर मांडतो. या तक्त्यात ई ईडलिंबाचा असतो. हे फळ घरातल्या कोणीही पाहिलेले नसते, तरी सगळे ते आत्मविश्वासाने दाखवतात. वाचकाला विचाराल तर ते लिंबू नसून बॉल आहे, आणि चित्र पाहता त्याचेच बरोबर आहे.

बटण दाबले की गाय हंबरणारे पुस्तक स्वतःच्या घरासाठी घेऊ नये. ते मेहुण्याच्या मुलाच्या वाढदिवसाला द्यावे. जुने हिशेब असतील तर सोबत जादा सेलही द्यावेत.

आता तात्पर्याचा प्रश्न. घरातील ज्येष्ठ मंडळी ‘यातून मूल शिकणार काय?’ असे विचारतात. त्यांना न्यूयॉर्कचे उदाहरण सांगावे. मार्गारेट वाइज ब्राउन यांचे ‘गुडनाइट मून’ 1947 साली आले. त्यात एक सशाचे पिल्लू झोपण्यापूर्वी खोलीतल्या वस्तूंचा एकेक करून निरोप घेते, बास. बोध नाही, पराक्रम नाही. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या जाणकारांना ते रुचले नाही आणि 1972 पर्यंत त्या ग्रंथालयाने ते ठेवले नाही. दरम्यान पोरांनी ते डोक्यावर घेतले होते. क्लेमंट हर्ड यांनी त्या खोलीच्या रंगीत चित्रांत एक चिमुकला उंदीर काढला आहे, दर वेळी निराळ्या जागी. मोठी माणसे मजकूर वाचत बसतात. मांडीवरचा वाचक पहिल्यांदा उंदीर शोधतो, त्यावर बोट दाबून ठेवतो आणि बोट उचलल्याशिवाय पान उलटू देत नाही.

बोटाला काम हवे, हे एरिक कार्ल यांना चांगले कळले होते. कागदांना पंचिंग मशिनने भोके पाडताना त्यांना पुस्तक खाणारा किडा सुचला, संपादिकेने त्याचा सुरवंट केला आणि 1969 साली ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’ झाले. भोके पाडलेली, लहानमोठी पाने परवडेल अशा खर्चात छापून देणारा मुद्रक अमेरिकेत मिळेना, तेव्हा ते जपानमध्ये छापून घ्यावे लागले. पालकांनी एवढेच पाहावे की भोकात वाचकाचे बोट जाते आणि बाहेरही येते.

मात्र या सगळ्याहून कडक कसोटी वेगळीच आहे, आणि ती दुकानातच उरकावी. पुस्तक उभ्याने, मोठ्याने, आवाज काढून लागोपाठ सात वेळा वाचावे. लोक बघतील, बघू द्यावे. चौथ्या फेरीला घड्याळाकडे लक्ष गेले, तर पुस्तक जागेवर ठेवून द्यावे, कारण खरा ग्राहक तुम्ही आहात. वाचकाचा शब्दसंग्रह तूर्त ‘काऊ’, ‘नको’ आणि ‘पुन्ना’ एवढाच असतो, आणि त्यातला ‘पुन्ना’ तुमच्यासाठी राखीव आहे. यमकासाठी हत्तीच्या सोंडेत विनाकारण बत्ती देणाऱ्या कवींपासून विशेष सावध राहावे. ती बत्ती सोमवारी ऑफिसच्या मीटिंगमध्ये डोक्यात पेटते.

शब्द टाळायचे म्हणून नुसत्या चित्रांकडे वळलात, तरी सुटका नाही. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेले माधुरी पुरंदरे यांचे ‘चित्रवाचन’ जरूर घ्यावे, कारण त्यात चित्रेच वाचायची असतात. पण चित्रांवरून गोष्ट रचताना जपून बोलावे. पिशवीवाल्या काकूंना काल तुम्ही भाजी आणायला पाठवले असेल, तर आज त्यांना परस्पर बँकेत पाठवता येत नाही. भाजीतला दोडकाही गाळता येत नाही. तो गाळलात, तर वाचक गोष्ट थांबवून पहिल्या पानावर आणतो आणि शिक्षा म्हणून मागच्या फेऱ्या धरल्या जात नाहीत.

पुस्तक काही दिवस लपवायचे झाल्यास जागा विचारपूर्वक निवडावी. गादीखालची, सोफ्यामागची आणि बाबांच्या ऑफिसच्या बॅगेतली जागा वाचकाला ठाऊक असते. फ्रिजचा माथा तूर्त सुरक्षित आहे, मात्र स्वयंपाकघरातले स्टूल आधी माळ्यावर टाकावे.