पालकांनी आपले दप्तर कसे सांभाळावे

मूल दिव्यांग असेल, तर शाळाप्रवेशाच्या दिवशीच त्याच्या आईवडिलांची एका पदावर नेमणूक होते. नेमणुकीचे पत्र मिळत नाही, पगार नसतो, दिवाळीला बोनस नसतो. पद असते आवक-जावक कारकुनाचे, आणि त्यातून निवृत्ती मूल दहावी-बारावी पार करेपर्यंत मागितली तरी मिळत नाही. प्रस्तुत मार्गदर्शिका अशा नवनियुक्तांसाठी आहे. मुरलेल्या कारकुनांनी ती वाचली तरी हरकत नाही, पण त्यांना सध्या कुठल्यातरी दाखल्याच्या झेरॉक्स काढायच्या असणार.

या खात्याचा मूळ नियम सुरुवातीलाच समजून घ्यावा. शाळेला पालकांकडून जे हवे असते ते लेखी लागते. शाळा पालकांना जे देणार असते ते तोंडी मिळते. ‘पाल्याच्या वर्तनास आम्ही जबाबदार राहू’ हे हमीपत्र, ‘शॅडो टीचरचा खर्च आम्ही करू’ हे संमतिपत्र, ‘सहलीला पाठवण्याचा आमचा आग्रह नाही’ हा अर्ज, या सगळ्यांचे छापील नमुने कार्यालयात तयार असतात. तळमजल्यावरचा वर्ग, पहिला बाक, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, परीक्षेतला जादा वेळ यांचे नमुने मात्र कोणी छापलेले नसतात. त्या गोष्टी ‘बघू या’, ‘होऊन जाईल’ आणि ‘तुम्ही टेन्शन घेऊ नका हो’ या तीन स्वरूपांत दिल्या जातात. जूनमधले ‘होऊन जाईल’ दिवाळीच्या सुट्टीपर्यंत टिकले तर नशीब. तेवढ्यात वर्गशिक्षिका बदलतात, मुख्याध्यापक निवृत्त होतात, आणि नवे साहेब विचारतात, ‘असं कोण म्हणालं होतं तुम्हाला?’

पायरी पहिली : साहित्य

एक जाडजूड बॉक्स फाईल, एक पंचिंग मशीन, एक दोनशेपानी रजिस्टर. साड्यांच्या दुकानाची पिशवी म्हणजे फाईल नव्हे, हे बऱ्याच घरांत मूल पाचवीत गेल्यावर उमगते.

फाईलचे तीन भाग करावेत : दाखले, जावक, आवक. दाखल्यांत युडीआयडी कार्ड, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, तपासणीचे व थेरपीचे अहवाल. मूळ प्रत दाखवायची असते, जमा करायची नसते. शाळेच्या कपाटात गेलेली मूळ प्रत परत आल्याची उदाहरणे विरळा. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे कागद रुमालांत बांधून ठेवले आहेत आणि दोनअडीचशे वर्षांपूर्वीच्या खर्चाचे हिशेब त्यांत आजही सापडतात. ऑक्युपेशनल थेरपिस्टने तिसरीत सुचवलेली खुर्ची चौथीत सापडू नये, इतके तरी आपले दप्तर पेशव्यांच्या मागे राहू नये.

पायरी दुसरी : पत्र

‘मोठ्या मनाने सहकार्य करावे’ या वाक्याने पत्र सुरू केले की शाळा मोठ्या मनाने ते बाजूला ठेवते. त्याऐवजी विषयाच्या ओळीतच कायदा बसवावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे येतात. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता ही त्यांतलीच. कलम १६ सरकारी शाळांना लागू आहे, तसेच सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळांनाही. भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत वापरता येण्याजोगी करावी, त्या मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्याव्यात, असे ते कलम सांगते. खेळ आणि करमणुकीची समान संधीही त्यातच येते. म्हणून गॅदरिंगच्या नाचातून मुलाला वगळले असेल, तर ‘आमचं पिल्लू खूप हिरमुसलं’ असे लिहिण्यापेक्षा ‘कलम १६’ एवढे लिहिले की कागदाला आपोआप वजन येते.

त्याच कलमात प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग आणि प्रगती यांवर लक्ष ठेवण्याचे कामही शाळेवर टाकलेले आहे. तेव्हा त्या नोंदींची प्रत मागणे पूर्णपणे शिष्टाचाराला धरून आहे. पहिल्यांदा मागितली की कार्यालयात काही काळ शांतता पसरते. ती पसरू द्यावी.

एका पत्रात एकच मागणी करावी. दोन केल्या तर त्यांतली सोपी मंजूर होते आणि अख्खे पत्र ‘निकाली’ निघते.

पायरी तिसरी : पोच

पत्राच्या दोन प्रती न्याव्यात. एक शाळेची, दुसरी आपली स्थळप्रत. खिडकीतल्या ताई म्हणतात, ‘ठेवून जा, मॅडम आल्या की देते.’ येथे अननुभवी पालक ‘थँक्यू’ म्हणून निघतो. अनुभवी पालक तिथेच उभा राहतो आणि गोडीने म्हणतो, ‘ताई, तेवढा यावर शिक्का, तारीख आणि सही.’ शिक्का नेहमी कुलपाच्या खणात असतो, किल्ली नेहमी सावंत सरांकडे असते आणि सावंत सर नेहमी नुकतेच बाहेर पडलेले असतात. त्यांची वाट पाहण्यासाठी डबा न्यावा.

पोच मिळतच नसेल तर घरी येऊन तेच पत्र शाळेच्या ईमेलवर पाठवावे, किंवा टपालाने. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केले. पावती मात्र अजूनही मिळते आणि ती फाईलला लावता येते. दुसऱ्या पत्राला ‘स्मरणपत्र क्र. १’ म्हणावे. क्रमांक एक पाहिला की पुढे दोन येणार हे शाळेला आपसूक कळते.

पायरी चौथी : तोंडी गोष्टींचे बाष्पीभवन रोखणे

या पायरीवर सर्वाधिक कौशल्य लागते. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये चहा येतो, सगळे गोड बोलतात, चार गोष्टी मान्य होतात आणि पालक तरंगत घरी येतो. तरंगणे संपण्याआधी, त्याच संध्याकाळी, एक छोटा ईमेल जायला हवा : ‘आज दुपारच्या भेटीबद्दल आभार. भेटीत पुढील गोष्टी ठरल्या असे आम्हाला समजले : (१) सोमवारपासून वर्ग तळमजल्यावर, (२) घटक चाचणीत जादा वेळ. यात काही चुकले असल्यास कृपया कळवावे.’ शाळा बहुधा काहीच कळवत नाही. हे मौन छापून, तारीख घालून फाईलला लावावे. पुढे ‘असं ठरलंच नव्हतं’ म्हणणाऱ्याला ते दाखवता येते.

टेबलाखाली फोन धरून गुपचूप रेकॉर्डिंग करण्याचा मोह काहींना होतो. ते उघडकीस आले की पुढच्या भेटीत कोणी चहासुद्धा विचारत नाही, आणि मूल त्याच शाळेत रोज सहा तास असते.

फोनवरच्या आणि फाटकापाशी झालेल्या बोलण्यासाठी रजिस्टर. रकाने : तारीख, वेळ, कोण, काय म्हणाले, आपण काय म्हणालो. विशेषणांना त्यात मनाई. ‘बाईंनी तुच्छतेने पाहिले’ हे शंभर टक्के खरे असले तरी ते बहिणीला फोनवर सांगावे. रजिस्टरमध्ये ‘१०.४० ते ११.१५ मुलाला वर्गाबाहेर बसवले, असे त्याने व बसमधल्या मावशींनी सांगितले’ एवढेच जाते. असा कोरडा मजकूर साहेब लोक शेवटपर्यंत वाचतात.

पायरी पाचवी : व्हॉट्सॲप आणि जालन्याची निवडणूक

शाळेचा निम्मा कारभार आता ‘५ वी ब पालक’ या ग्रुपवर चालतो. संदेश पाठवणाऱ्याला तो सर्वांसाठी पुसता येतो आणि आपोआप नाहीसे होणारे संदेश चोवीस तासांतही जाऊ शकतात. म्हणून स्क्रीनशॉट लगेच घ्यावा, त्यात तारीख आणि नंबर दोन्ही दिसावेत. महिन्याअखेरीस गप्पा एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल कराव्यात.

हा पुरावा चालतो का? याचे उत्तर शोधताना पालक थेट जालन्यात पोचतो. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तिथे अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल न्यायालयात गेले. उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा आक्षेप होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले चित्रीकरण. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला : इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच, मात्र मालकाने मूळ उपकरणच साक्षीला आणले तर त्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तिथेही कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागते. शिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर सहसा छापील प्रत पुरते. तरीही ज्या फोनवर बाईंचा ‘त्याला उद्या पाठवू नका, इन्स्पेक्शन आहे’ हा संदेश आला, तो फोन दसऱ्याच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये देऊ नये.

पायरी सहावी : परीक्षा

राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या सवलती, म्हणजे लेखनिक, जादा वेळ वगैरे, शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे प्रस्ताव जाऊन मंजूर व्हाव्या लागतात. ‘पाठवलाय प्रस्ताव’ हे वाक्य ऐकले की जावक क्रमांक विचारावा. मंजुरीच्या पत्राच्या तीन प्रती काढून एक मुलाच्या कंपास पेटीत ठेवावी.

हे अतिरेकी वाटत असेल, तर २०२१ च्या ‘नीट’ परीक्षेचे उदाहरण घ्यावे. डिसग्राफिया असलेल्या, चाळीस टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या एका विद्यार्थिनीला तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळायला हवा होता. केंद्रावर तो मिळाला नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. २३ नोव्हेंबर २०२१ च्या निकालात न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले आणि तो कसा दूर करता येईल याचा आठवडाभरात विचार करण्यास परीक्षा घेणाऱ्या संस्थेला सांगितले. फेरपरीक्षा मात्र मिळाली नाही.

पायरी सातवी : फाईल बाहेर काढणे

स्मरणपत्र क्र. ३ नंतर फाईल घराबाहेर पडते. सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी शिक्षण हक्क कायद्याचे कलम ३२ आहे. स्थानिक प्राधिकरणाने लेखी तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. खासगी शाळा कागद देत नसेल, तर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून शिक्षणाधिकारी कार्यालयात माहितीचा अर्ज करावा : या शाळेशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती द्याव्यात. मुदत ३० दिवस. त्यापुढे पुण्याचे दिव्यांग आयुक्त. साक्षीदार बोलावणे, कागद मागवणे याबाबत त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचा भंग पहिल्यांदा झाल्यास दहा हजार रुपयांपर्यंत, नंतर पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. बहुतेक फायली इतक्या लांब जात नाहीत. त्या टेबलावर ठेवताना जो आवाज होतो, त्यानेच अनेक कामे होतात.

पायरी आठवी : आभारपत्र

पीटीच्या सरांनी कुबड्यांसकट मुलाला कबड्डीत गुणलेखक केले, ग्रंथपाल बाईंनी पुस्तके स्वतः खालच्या कपाटात हलवली, असेही घडते. त्याचेही पत्र लिहावे, दोन प्रतींत. पुढच्या वर्षी नव्या बाईंना ‘हे या शाळेत जमतं’ असे सांगायला तेवढा एक कागद पुरतो. ताई पत्र उलटसुलट करून पाहतात, मागच्या पानावर काही आहे का तेही तपासतात. मग आवक नोंदवहीतल्या ‘विषय’ या रकान्यात वरच्या सगळ्या पत्रांप्रमाणे ‘तक्रार’ असे लिहून शिक्का मारून देतात.